24 खणांची फळी : नागपूरच्या उद्योजकांना एका विशेष शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर आणि मिहान इथले सर्व कारखानदार, उद्योजक व मनुष्यबळ अधिकारी,
तसेच नागपूर जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य

विषय : 18 वर्षं पूर्ण झालेल्या दिव्यांग मुलामुलींना तुमच्या कारखान्यात काम शिकू देण्याबाबत

महोदय, महोदया,

सस्नेह नमस्कार.

मी नागपुरातल्या एका विशेष शाळेत गेली 22 वर्षं शिकवते आहे. त्यातली शेवटची 14 वर्षं व्यवसायपूर्व विभागात, म्हणजे 14 ते 18 वयाच्या बौद्धिक दिव्यांग मुलांना हाताला काम शिकवण्याच्या वर्गात. आमचा वर्ग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला तुम्ही येता. दिवाळीच्या आधी येता, आमच्या मुलांनी रंगवलेल्या पणत्या आणि केलेल्या मेणबत्त्या घेऊन जाता, ऑफिसात सगळ्यांना वाटता. त्या पैशातून आमचं वर्षाचं मेण येतं. त्यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे, आणि हे पत्र तक्रारीचं नाही.

पण पणत्यांचे खोके घेऊन तुमची गाडी फाटकाबाहेर गेली की दरवर्षी माझ्या मनात एकच विचार येतो. हे साहेब ज्या कारखान्यातून आले, तिथे आमच्या एखाद्या मुलाला जमेल असं एक तरी काम नक्की असणार. कुठलं, ते त्यांना माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. मी त्यांचा कारखाना आतून पाहिलेला नाही, आणि त्यांनी आमच्या मुलाला स्वागतगीत म्हणताना पाहिलंय, काम करताना पाहिलेलं नाही. दोघांमधलं हे अंतर कमी व्हावं म्हणून लिहायला बसले आहे.

एका मुलाबद्दल सांगते. नाव लिहीत नाही, त्याच्या आईला ते नको आहे. तो पारडीला राहतो. वडील कळमना मार्केटमध्ये हमाली करतात, आई दोन घरची धुणीभांडी करते. आमच्याकडे आला तेव्हा 9 वर्षांचा होता, गेला तेव्हा 18 पूर्ण. या नऊ वर्षांत तो स्वतःचं ताट वाढून घ्यायला शिकला, शर्टाची बटणं लावायला शिकला, रस्ता ओलांडायला शिकला. अंक ओळखतो, पण मोजायला लागला की सहाच्या पुढे अडतो. सहा, सात, नऊ, परत सहा. मेणबत्त्या मात्र सुरेख करायचा. साच्यात वात ताणून बांधणं हे नाजूक काम आहे. वात जरा सैल राहिली की मेणात वाकडी होते आणि मेणबत्ती एका अंगाने जळते. त्याची वात कधी सैल राहिली नाही.

शाळा सुटल्यावर सहा महिन्यांनी मी त्याच्या घरी गेले, तर तो खाटेवर बसून होता. अंग सुटलेलं, नजर खाली. आई म्हणाली, "मॅडम, दिवसभर टीव्ही पाहते अन् झोपते. मेणबत्त्या कुठं करन? मेण कोण आणून देईन, अन् इकन कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नऊ वर्षं आम्ही त्याला असं काम शिकवलं होतं, ज्याचं गिऱ्हाईक दिवाळीच्या आठवड्यापुरतं येतं आणि तेही मुलाकडे बघून, मालाकडे बघून नाही. त्या दिवशी पारडीहून घरी येताना मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

हिंगणा एमआयडीसीत मसाल्याच्या पाकिटांचा एक छोटा कारखाना आहे. त्याचे मालक आमच्याकडे पणत्या घ्यायला येणाऱ्यांपैकीच. त्या वर्षी मी धीर करून त्यांना म्हटलं, "साहेब, यंदा पणत्या नका घेऊ. मला दोन दिवस तुमच्या पॅकिंगमध्ये उभं राहू द्या." भला माणूस, हो म्हणाला. मी दोन दिवस नुसती बघत होते. मशीनमधून हळदीची, तिखटाची पाकिटं यायची, टेबलावरच्या बायका ती 24 मोजून खोक्यात भरायच्या, खोक्याला टेप, वर शिक्का, आणि थप्पी. यातली मोजणी सोडली तर प्रत्येक गोष्ट आमच्या मुलाला येत होती किंवा आठवड्याभरात येण्यासारखी होती. अडचण अशी की मोजणी नेमकी मधोमध होती.

मग शाळेजवळच्या सुताराकडून मी प्लायवूडची एक फळी करून घेतली. सहा आडव्या ओळी, चार उभ्या, मध्ये बोटभर उंचीच्या पट्ट्या, झाले 24 खण. एका खणात एक पाकीट आडवं बसेल एवढीच जागा. खर्च 450 रुपये. मुलाला शिकवायचं एवढंच, की रिकामा खण दिसला की पाकीट ठेव, आणि रिकामा खण उरला नाही की सगळं खोक्यात घाल. शाळेत बोलावून आठ दिवस रेती भरलेल्या पाकिटांवर त्याच्याकडून सराव करून घेतला. नवव्या दिवशी तो माझ्याकडे न बघता फळी भरत होता.

आमच्या कामात याला कामाची फोड करणं म्हणतात. एका कामाचे दहा-बारा तुकडे पाडायचे, मुलगा कुठल्या तुकड्यावर अडतो ते शोधायचं आणि तेवढ्याच तुकड्याला आधार द्यायचा. तुमच्या कारखान्यात उत्पादन वाढवण्यासाठी इंजिनीअर मंडळी हेच करत असतात. फक्त आमच्या मुलाला समोर ठेवून ते कुणी केलेलं नसतं.

पहिल्या दिवशी तिथल्या सुपरवायझरने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हा चक्कर-बिक्कर येऊन पडला त जबाबदार कोण?" त्यांचा मला राग आला नाही. चाळीस वर्षांच्या आयुष्यात अशा मुलाशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता. ना शाळेत, ना कॉलेजात, ना शेजारी. काम सुरू झाल्यावर ते लांबून मोठ्याने म्हणाले, "अरे, चिकटवून नको ठेवू!" आणि मुलगा जागच्या जागी थिजला. मोठा आवाज आला की तो असाच थिजतो, हात हवेत राहतो आणि डोळे जमिनीवर. मी पुढे होणार तेवढ्यात टेबलावरची एक बाई उठली. काटोलकडची, पस्तिशीची असेल. त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तोंडातून शब्द न काढता तिने एक पाकीट खणात ठेवलं. दुसरं ठेवलं. तिसरं त्याच्या हातात दिलं. त्याने ते ठेवलं, मग चौथं स्वतः उचललं.

मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, "ताई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "आमच्या गावच्या शाळेत होता न असा एक पोरगा. माह्या बाजूलेच बसे. त्याले सांगून नाही समजे, दाखवून समजे."

विशेष शिक्षणाच्या पदविकेत मी जे पुस्तकातून शिकले ते या बाईला चौथीच्या वर्गात, बसकरपट्टीवर, शेजारी बसून मिळालं होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वीची जिल्हा परिषदेची शाळा. तालुक्यात विशेष शाळा नसेल म्हणून तो मुलगा गावच्याच वर्गात बसला असेल. त्याला स्वतःला तिथे काय मिळालं, कोण जाणे. कदाचित फार काही नाही, कारण त्याच्यासाठी वेगळं शिकवणारं तिथे कोणी नव्हतं. पण त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीमुळे आज, इतक्या वर्षांनी, पारडीचा मुलगा कामावर टिकला. समावेशक शिक्षणाबद्दल मी अनेक प्रशिक्षणं घेतली, भाषणं ऐकली. त्याचा हा अर्थ मला त्या पॅकिंगच्या टेबलाशी कळला. दिव्यांग मूल साध्या शाळेत बसतं ते एकट्या त्याच्या भल्यासाठी बसत नाही. उद्याचा सुपरवायझर, उद्याची एचआर मॅनेजर आणि उद्याचा मालकही त्याच वर्गात बसलेला असतो.

म्हणूनच मला साध्या शाळांतल्या विशेष शिक्षकांची फार काळजी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलं की प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. माझ्या ओळखीच्या फिरत्या विशेष शिक्षिका एकेका आठवड्यात इतक्या शाळा करतात, की एका मुलाच्या वाट्याला महिन्यातून एखादा तास येतो. हा विषय सरकारचा आहे आणि त्याचा पाठपुरावा आम्ही करतोच आहोत. तुम्हाला सांगते ते एवढ्यासाठी, की तुमच्यापैकी कितीतरी जण शाळांच्या व्यवस्थापन मंडळांवर आहात. तिथे शब्द टाकला तरी फरक पडतो.

पुन्हा त्या मुलाकडे येते. काम जमलं, तरी रोज पारडीहून हिंगण्याला जाणार कसा, हा मोठा प्रश्न होता. इथे मेट्रोने आम्हाला हात दिला. प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही मार्गिका 2022 च्या डिसेंबरात पूर्ण सुरू झाली. त्याला प्रजापती नगरला बसायचं असतं आणि लोकमान्य नगरला उतरायचं असतं, दोन्ही शेवटची स्टेशनं. सीताबर्डीला गाडी बदलायची नाही, स्टेशनं मोजायची नाहीत, सगळे उतरले की आपणही उतरायचं. आई पहिले अकरा दिवस बरोबर गेली, बाराव्या दिवसापासून मागच्या डब्यात बसून लक्ष ठेवलं, तिसऱ्या आठवड्यात तो एकटा गेला. लोकमान्य नगरपासून पुढे शेअर ऑटो. ऑटोवाले भाऊ आता त्याला ओळखतात, दुसरा सवारी भरत असेल तर याला पुढच्या गाडीत बसवून देतात. बुटीबोरीच्या मंडळींनो, तुमच्याकडे अजून मेट्रो पोचलेली नाही. ती येईपर्यंत कामगारांना आणणाऱ्या तुमच्या बसमध्ये एक जागा आमच्या मुलासाठी ठेवता येईल का, याचा विचार करा.

पहिल्या दिवशी त्याने 11 खोके भरले. शेजारच्या बायका साठच्या वर भरत होत्या. मालकांनी मला तो आकडा दाखवला आणि मी तो झाकला नाही. तीन महिन्यांनी तो चाळिशीच्या पुढे गेला आणि बरेच महिने तिथेच राहिला. पण एक झालं. शेवटच्या तासाला बायका थकल्या की मोजणीत चूक व्हायची, खोका 23 चा जायचा, दुकानदाराचा फोन यायचा. या मुलाचा एकही खोका परत आला नाही, कारण तो मोजतच नव्हता. पुढच्या महिन्यात मालकांनी तशाच आणखी चार फळ्या करून घेतल्या, टेबलावरच्या सगळ्यांसाठी.

सगळं सुरळीत झालं असं मात्र मी सांगणार नाही. पाचव्या महिन्यात सणाची गर्दी आली, जुने सुपरवायझर दुसऱ्या विभागात गेले, नव्या माणसाने याला माल चढवायला उभं केलं. ट्रकचा हॉर्न, आरडाओरडा, आणि फळी कुठेच नाही. दुसऱ्या दिवसापासून तो घराबाहेर पडेना. 12 दिवस. कारखान्यातून मला कुणी फोन केला नाही, कारण कुणाला करायचा हेच ठरलेलं नव्हतं. मुलाला नोकरी लावून दिली की आपलं काम संपलं असं मी धरून चालले होते. ती चूक माझी होती. नंतर मी तिथे गेले, नव्या सुपरवायझरांशी बोलले, काटोलच्या ताई त्याच्या घरी जाऊन आल्या, आणि तो परतला. आज त्याला दोन वर्षं होऊन गेली. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तिथे अर्धा तास जाते. कधी काही अडचण असते, बहुतेक वेळा नसते.

पगाराबद्दलही स्पष्ट लिहिते, कारण या विषयावर सगळे भिडेपोटी गप्प बसतात. सुरुवातीला त्याला महिन्याला 4,000 रुपये "मानधन" ठरलं होतं. तीन महिने मी काही बोलले नाही, शिकण्याचे दिवस होते. चौथ्या महिन्यात मी मालकांना म्हटलं की बाकीच्यांना जो दर आहे तोच यालाही हवा, हजेरीपटावर नाव हवं, पीएफ कापला जायला हवा. ते थोडे दुखावले, कारण आपण उपकार करतोय असंच त्यांच्या मनात होतं आणि त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी होकार कळवला. माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे, आमच्या मुलांना कमी पैशात घेऊन उपकार करू नका. किमान वेतन देणं झेपत नसेल तर सध्या घेऊ नका, पण घ्याल तेव्हा कामगार म्हणून घ्या. त्या मुलाच्या वडिलांनी पहिल्या पूर्ण पगाराची पावती घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. ती मला दोनदा दाखवून झाली.

आता कायद्याचं थोडं. धाक घालायला लिहीत नाही. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं हा माझा अनुभव आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, यात 21 आहेत. या कायद्याने 6 ते 18 वयाच्या, 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, मग ती शेजारची साधी शाळा असो की विशेष शाळा. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखून ठेवल्या. खासगी उद्योगांनी आपल्या मनुष्यबळात किमान 5 टक्के दिव्यांग ठेवावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावं असंही त्यात म्हटलं आहे. आणि 20 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. त्यात दिव्यांगांसाठी कुठली कामं योग्य आहेत त्यांची यादी हवी, आणि त्यांच्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमायचा आहे. ते 12 दिवस आठवतात का? संपर्क अधिकारी म्हणजे त्या दिवसांत मला फोन करणारा माणूस. कायद्यात "वाजवी सोय" असा शब्द आहे, ती म्हणजे आमची 450 रुपयांची फळी.

18 व्या वर्षी काय होतं ते बघा. शाळेचा हक्क संपतो. सरकारी जागा थोड्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पलीकडे, बौद्धिक दिव्यांग मुलाला तिथवर पोचणं फार अवघड. संस्थांनी चालवलेल्या कर्मशाळा आहेत, पण तिथल्या जागा मोजक्या. उरतं घर. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले आणि त्यातले जेमतेम 36 टक्के काम करणारे होते. पुरुषांत 47 टक्के, बायकांत 23. पंधरा वर्षं जुना आकडा आहे, पण आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी फिरताना मला त्यात फार बदल झालेला दिसत नाही.

मुलींचं तर आणखी कठीण. आमच्या वर्गातल्या मुली कामात मुलांपेक्षा सरस असतात, तरी 18 झाल्या की पालक दार लावून घेतात. त्यांची भीती खरी आहे, तिला मी अडाणीपणा म्हणणार नाही. एका आईने मला विचारलं होतं, "तिथं बायकायचं संडास वेगळं हाय का? अन् त्याले आतून कडी हाय का?" मी चार कारखान्यांत जाऊन फक्त ती कडी बघून आले. दोन ठिकाणी नव्हती. मुलींना पाठवायचं असेल तर एका कारखान्यात निदान दोघी-तिघी एकत्र हव्यात, सोबत जाणारी एखादी ताई हवी आणि सुटण्याची वेळ दिवसाउजेडी हवी. याहून जास्त काही आईबाप मागत नाहीत.

विदर्भातल्या कारखानदारांना आणखी एक सांगायला हवं. त्या 21 प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. आपल्याकडे हा आजार किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. ही मुलं दिसायला धडधाकट असतात, हुशार असतात, दहावी-बारावी, आयटीआय केलेली असतात. पण सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या गटांत रक्ताच्या आजारांचा समावेश नाही, म्हणजे त्यांची भिस्त तुमच्यावरच. त्यांना लागतं काय? जवळ पिण्याचं पाणी, मे महिन्याच्या 45 अंशांत भट्टीपासून लांबचं काम, आणि कळा सुरू झाल्या की चार दिवस रजा, कामचुकार न म्हणता.

आयटीआयच्या प्राचार्यांना वेगळं पत्र लिहिणार होते, पण थोडक्यात इथेच लिहिते. तुमच्याकडे दिव्यांगांच्या जागा असतात आणि त्यातल्या काही रिकाम्या जातात. माझ्या मैत्रिणीचा कर्णबधिर मुलगा वेल्डरच्या ट्रेडला होता. त्याचा जोड इतका साफ यायचा की निदेशक दुसऱ्यांना दाखवायचे. प्रॅक्टिकलला उत्तम, थिअरीत दोनदा नापास. कारण थिअरीचे सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे आणि हा ओठ वाचून शिकणारा मुलगा. सरांना कुणी सांगितलंच नव्हतं. भारतीय सांकेतिक भाषेचा 10,000 शब्दांचा कोश तयार आहे, त्यात तांत्रिक शब्दही आहेत. शंकरनगरला मूकबधिर विद्यालय आहे, अनुभवी शिक्षक तुमच्यापासून दोन-चार स्टेशनांवर बसलेले आहेत. वर्षातून एक दिवस तुमच्या निदेशकांना त्यांच्याकडे पाठवा. दुसरी एक मुलगी, पायाने अधू, तिची कोपाला, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ट्रेडला, निवड झाली आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर असल्याने ती आठ दिवसांत घरी परतली. कॉम्प्युटर खाली आणता आले असते. कुठली संस्था ते महत्त्वाचं नाही, अशा जिन्यांच्या इमारती सगळीकडे आहेत.

शिकाऊ उमेदवारीचंही सांगते. 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत. तुमच्यापैकी बहुतेक जण घेता. त्यातली एक जागा, फक्त एक, यंदा दिव्यांग मुलासाठी ठेवा. कागदावर किमान पाचवीची अट आडवी येते आणि आमच्या पुष्कळ मुलांकडे तो दाखला नसतो. त्यासाठी आम्ही मुलांना एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या, मुक्त मूलभूत शिक्षणाच्या परीक्षेला बसवतो आहोत. तुमच्या बाजूने दार उघडं राहिलं तर आमच्या बाजूने दाखल्याचं बघू.

सीएसआरचा निधी तुम्ही आम्हाला देता. शिलाई मशीन येतात, कॉम्प्युटर येतात, भिंती रंगवून मिळतात. आमच्या शाळेत आज मुलींपेक्षा शिलाई मशीन जास्त आहेत. यंदा त्याऐवजी मला तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरचे महिन्यातले चार तास हवेत. त्यांनी आमच्या कार्यशाळेत यावं, कुठलं काम बाजारात चालतं ते सांगावं, आणि मला व माझ्या सहकाऱ्यांना तुमच्या शॉप फ्लोअरवर दोन दिवस उभं राहू द्यावं. आम्ही शिक्षकच जुन्या कामांत अडकलो आहोत. मेणबत्ती, फाइल, कागदी पिशवी, अंध मुलांसाठी खुर्चीचं वेत विणणं, यापुढे आम्हाला कोणी काही दाखवलंच नाही.

हे सगळं नागपूरला नवं नाही. कमलाताई होस्पेट यांनी 1921 साली सुरू केलेल्या मातृ सेवा संघाने बाळंतपणाच्या सेवेपासून सुरुवात करून पुढे बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळाही चालवली. इथून शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याला बाबा आमटे यांच्या आनंदवनात दिव्यांगांना कामधंदा शिकवणारी जी संस्था उभी राहिली, तिचं नावच संधिनिकेतन. केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संमिश्र प्रादेशिक केंद्र आता नागपुरात आहे, राज्यात 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. शिकवणारी माणसं इथे आहेत. शिकून झाल्यावर जायची जागा कमी आहे, आणि ती जागा सरकारकडे नाही, तुमच्या शेडमध्ये आहे.

पालकांसाठीही दोन ओळी, कारण हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचेल. "नोकरी लागली तर निराधारचे पैसे बंद होतील का" हा संजय गांधी निराधार योजनेबद्दलचा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. उत्पन्नाची अट आहे, आणि पूर्ण पगार सुरू झाला तर ते पैसे बंद होऊ शकतात, हे मी लपवत नाही. पण निराधारचे पैसे येतात म्हणून तुमचं मूल सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, "येतो" म्हणून बाहेर पडत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा, आणि 18 होण्याची वाट न बघता पंधराव्या वर्षापासून त्याला एकट्याने दुकानात पाठवायला लागा.

आमच्या वर्गातून यंदा सात जण 18 पूर्ण करत आहेत. चार मुलं, तीन मुली. एकाला रंगांची उत्तम जाण आहे, तो चुकीच्या छटेचं झाकण शंभरातून वेगळं काढतो. एक मुलगी घड्या घालते त्या इतक्या काटेकोर, की दवाखान्याच्या किंवा हॉटेलच्या लाँड्रीला ती उद्यापासून चालेल. एक जण बोलत नाही, पण नट-बोल्टचे आकार हाताने ओळखतो. उरलेल्या चौघांना काय जमेल ते मला तुमचं काम बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

तुमच्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी शाळेत या. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चार, व्यवसायपूर्व विभाग चालू असतो. कळवून आलंच पाहिजे असं नाही, उलट न कळवता आलात तर मुलं नेहमीसारखी काम करताना दिसतील. आणि येताना तुमच्याकडचा एक रिकामा खोका आणि त्यात भरायच्या मालाचे चार नग घेऊन या. फळी त्याच मापाची करावी लागेल.

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका
नागपूर